शिपायाचे बिऱ्हाड

कल्याणच्या खाडीला लागलेले गलबत रिकामे करून त्यातील माल बैलांच्या पाठीवर लादावयाचा आणि भिवंडी, पडघा, शहापूर ही ठाणी मागे टाकीत थळघाटाने तो देशावर चढवावयाचा, हा क्रम ज्या प्रांतात शतकानुशतके चालत आला, त्याचा इतिहास सामान्यतः व्यापाराचा इतिहास म्हणून लिहिला जातो. आणि भिवंडीत आज ऐकू येणारी मागांची खडखड व महामार्गाच्या दुतर्फा पसरलेली गोदामे पाहता तसे लिहिणारांस दोषही देता येत नाही. परंतु ज्या वाटेने माल जातो त्याच वाटेने लष्करही जाते, आणि लष्कर गेले म्हणजे त्याच्या मागोमाग, कधी त्याच्या सोबतीने आणि कधी त्याच्या वियोगात, शिपायाचे घर चालत असते. लढाईची तिथी, सरदारांची नावे, तोफांची संख्या आणि तहाची कलमे यांची नोंद बखरकारांनी व पत्रलेखकांनी साक्षेपाने करून ठेवली. मात्र शिपायाच्या बायकोने अनोळखी मुलखात चूल कशी मांडली, धनी पडल्यावर तिच्या मुलांच्या मुखी अन्न कोठून आले, आणि ज्या दौलतीच्या हुकमाने हे घर उठले त्या दौलतीने ते पुन्हा बसविण्यासाठी काय दिले, याचा शोध दप्तरांतील सनदांच्या व ताकीदपत्रांच्या ओळींतून घ्यावा लागतो. राज्य माणसाला आज्ञा करून हलविते तेव्हा त्याचे घर नव्या जागी उभे करण्याचा खर्च हा त्या आज्ञेचाच भाग असतो, अशी माझी दृढ धारणा आहे, आणि ही गोष्ट या प्रांतावर राज्य करणाऱ्या एकामागून एक सत्तांना किती उमगली व किती उमगली नाही, ते येथे सांगावयाचे आहे.

२४ ऑक्टोबर १६५७ रोजी शिवाजी महाराजांच्या फौजेने विजापूरकरांकडील मुल्ला अहमद या सरदाराच्या ताब्यातील कल्याण व भिवंडी ही दोन्ही शहरे घेतली. कल्याणावर दादाजी बापूजी रांझेकर आणि भिवंडीवर सखो कृष्ण लोहोकरे चालून गेले होते. ही फौज प्रामुख्याने घाटमाथ्यावरील मावळातली. दमट हवेचा, खाऱ्या पाण्याचा आणि भातशेतीचा हा मुलूख त्या माणसांना परका होता. तथापि या पहिल्या पिढीत शिपायांची बिऱ्हाडे खाली उतरविण्याचा प्रश्न फारसा उद्भवला नाही, कारण महाराजांची लष्करी व्यवस्थाच मुळी तो प्रश्न टाळण्याच्या बेताने रचलेली होती. शिपायाला जमीन तोडून द्यावयाची नाही, वेतन रोख किंवा वरातेने द्यावयाचे. मोहिमेत बायको, बटीक वा कलावंतीण बरोबर न्यावयाची नाही. दसऱ्यास फौजेने बाहेर पडावे, आठ महिने परमुलखात पोट भरावे आणि वैशाखात परत छावणीस यावे, जेथे दाणागोटा, वैरण, औषधे आणि गवताने शाकारलेली घरे अगोदरच सिद्ध ठेवलेली असत. ही सारी व्यवस्था कृष्णाजी अनंत सभासदाने राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून जिंजीस लिहिलेल्या बखरीत नोंदली आहे. शिपायाचे घर त्याच्या गावी, त्याच्या भाऊबंदांत राही. हलावयाचे ते केवळ शिपायाने.

गडावरच्या माणसांची गोष्ट मात्र निराळी होती. माहुली किंवा मलंगगड यांसारख्या किल्ल्यावरील शिबंदीला बारमाही तेथेच राहावे लागे, आणि बारमाही राहणारा माणूस घर केल्यावाचून राहात नाही. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात गडावरील अधिकारी एका जागी फार काळ राहू न देण्याविषयी स्पष्ट उपदेश आहे. हवालदार तीन वर्षांनी, सरनोबत चार वर्षांनी, सबनीस आणि कारखानीस पाच वर्षांनी बदलावेत, कारण माणूस एका ठिकाणी मुरला की त्याचे स्थानिक हितसंबंध निर्माण होतात व गडाची निष्ठा धोक्यात येते. राज्याच्या दृष्टीने हा विचार निर्दोष आहे. परंतु त्या बदलीबरोबर सबनिसाची म्हातारी आई, अंगणातली तुळस, दुभती गाय आणि मौंजीला आलेला मुलगा हेही गड उतरत असणार, याची चिंता त्या ग्रंथात कोठे दिसत नाही. उलट गडाच्या घेऱ्यातील रामोशी, महार, कोळी यांसारख्या पहारेकऱ्यांना पायथ्याशी जमिनी नेमून दिलेल्या असत आणि त्यांचे बिऱ्हाड पिढ्यानपिढ्या तेथेच राही. वरच्याने फिरावे आणि खालच्याने रुजावे, अशी ही विभागणी होती. आणि किल्ले पडले, राज्ये बदलली, तरी पुष्कळ ठिकाणी रुजलेल्यांचीच घरे टिकली, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

धनी लढाईत पडला तर काय, या प्रश्नाचे उत्तर मात्र महाराजांनी आरंभापासूनच दिले होते. नोव्हेंबर १६५९ मध्ये प्रतापगडाखाली अफजलखानाचा नाश झाल्यावर जे लोक कामास आले होते त्यांच्या मुलांना चाकरीत चालविण्यात आले, ज्यांना पुत्र नव्हता त्यांच्या बायकांना निम्मे वेतन बांधून दिले, आणि जखमींना जखमेच्या मानाने होनांची बक्षिसे दिली, असे सभासद सांगतो. विजयाच्या हर्षात हत्ती-घोडे मोजण्याच्या वेळीच विधवांची यादी करावयास बसणारा राजा आपल्या इतिहासाने पाहिला, याचे मोल मला त्या रणातील पराक्रमाहून उणे वाटत नाही. शिवाय येथे उपकाराची भाषा नाही. वेतन हे पडलेल्या माणसाचेच, ते निम्मे होऊन त्याच्या घराकडे चालू राहावयाचे, एवढाच साधा हिशेब त्यात आहे.

याच हिशेबाला पुढे पेशवाईच्या दप्तरांत बालपरवेशी हे नाव पडलेले आढळते. शाहू महाराजांच्या काळापासून लष्कराची घडण बदलली, रोख वेतनाच्या जागी सरंजाम आले, मोहिमा नर्मदेपलीकडे गेल्या आणि आठ महिन्यांनी घरी परतणाऱ्या फौजा वर्षानुवर्षे हिंदुस्थानात राहू लागल्या. साहजिकच पडलेल्या माणसाच्या घराची तजवीज करण्याचा प्रसंग वारंवार येऊ लागला. बालपरवेशीची रीत अशी असे, की अमुक लढाईत अमुक असामी सरकारकामी ठार झाली, तिच्या पश्चात अमुक वयाची मुले व बायको आहेत, हा मजकूर हुजुरात निवेदन व्हावा. तो मान्य झाला की रोख नेमणूक, धान्य, एखाद्या गावचा अंमल किंवा काही बिघे जमीन त्या घरास लावून द्यावी, आणि तसे ताकीदपत्र त्या परगण्याच्या मामलेदारास, देशमुख-देशपांड्यांस व गावच्या मोकदमास धाडावे. सनदेची नक्कल दप्तरी ठेवून अस्सल कागद भोगवट्यासाठी त्या घराकडे परत द्यावा आणि दर साली नव्या सनदेचा हट्ट धरू नये, अशी तंबीही त्यात असे. मुलगा वयात आला म्हणजे तो बापाच्या जागी चाकरीस लागे आणि नेमणूक सरंजामाचे रूप घेई. मुलगा नसला तर बाईच्या हयातीपर्यंत ती चालू राही.

या व्यवस्थेतील एक गुण मला फार मोलाचा वाटतो. ताकीदपत्रात त्या घराचे नाव असे, मुलांचा उल्लेख असे, आणि त्यांच्या योगक्षेमासाठी कोणी जबाब द्यावयाचा त्या अंमलदाराचा हुद्दा असे. पैशाबरोबर पत्ता व जबाबदारी ही दोन्ही त्या कागदावर एकत्र येत. बाई अन्य गावी राहावयास गेली, माहेरच्या आश्रयाला गेली, तरी कोणत्या कचेरीच्या दारात उभे राहावयाचे ते तिला ठाऊक असे.

गुणांबरोबर दोषही सांगितले पाहिजेत, कारण ते थोडे नव्हते. सरदाराच्या घराला गाव मिळे, पथकातील शिलेदारास जमीन मिळे, आणि ज्याचा घोडासुद्धा सरकारचा त्या बारगिराच्या विधवेपर्यंत हे औदार्य पोचताना फार पातळ होऊन जाई. हुजुरात निवेदन व्हावे याकरिता कोणीतरी मध्यस्थ लागे, मध्यस्थास नजर लागे, कारकुनास दरबारखर्च लागे, आणि गावी एकट्या पडलेल्या बाईस यांपैकी काहीच सुलभ नसे. खजिन्यात तूट आली की सर्वांआधी थकावयाची ती अशांचीच नेमणूक. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर एका दिवसात जितकी घरे उघडी पडली तितक्यांची बालपरवेशी करणे कोणत्याही दौलतीच्या शक्तीबाहेरचे होते. आणि त्या लष्कराबरोबर तर यात्रेच्या ओढीने व उत्तरेतील सुरक्षिततेच्या भरवशाने कुटुंबेही मोठ्या संख्येने गेली होती. कुटुंब बरोबर न नेण्याचा शिवाजी महाराजांनी घातलेला निर्बंध शंभर वर्षांत किती सैल झाला होता आणि त्या सैलपणाची किंमत कोणी भरली, याचा याहून कठोर दाखला आपल्या इतिहासात नाही.

आता पुन्हा भिवंडीकडे येतो. १७३७ साली सुरू झालेली आणि मे १७३९ मध्ये वसईचा किल्ला हाती येऊन संपलेली चिमाजी अप्पांची फिरंग्यांवरील मोहीम या तालुक्याच्या उंबरठ्यावरच लढली गेली. वसई फत्ते झाल्यास देवालय बांधीन असा अप्पांनी वज्रेश्वरीस नवस केला, आणि तो वसईचे सरसुभेदार शंकराजी केशव फडके यांच्या हातून पुरा झाला, ही कथा तानसेच्या काठच्या त्या देवस्थानात आजही सांगितली जाते. देवीचे मूळ ठिकाण उत्तरेस गुंज गावी होते, ते देऊळ फिरंग्यांनी पाडल्यावर ती सध्याच्या ठिकाणी, वडवलीस आली, अशी परंपरा आहे. तेव्हा ज्या देवीपुढे देशावरून उतरलेल्या कुटुंबांनी पदर पसरला तिलाही आपले स्थान एकवार बदलावे लागले होते. वसईच्या वेढ्याने मराठ्यांची माणसे अतोनात खाल्ली. जिंकलेल्या प्रांतात नवी वस्ती करण्यासाठी आलेल्यांना पड जमिनीचे कौल द्यावयाचे, पहिल्या वर्षांत सारा माफ किंवा नाममात्र घ्यावयाचा आणि पुढे इस्तावा पद्धतीने तो चढवीत न्यावयाचा, ही मराठी अंमलातील सर्वत्र रूढ असलेली तजवीज होती. एका बैलजोडीवर आणि चार मणांच्या बियाण्यावर परक्या गावात संसार मांडू पाहणाऱ्या माणसाला पहिल्या तीन वर्षांची सवड मिळणे म्हणजे काय, हे ज्याने शेती पाहिली आहे त्याला सांगावयास नको. रोख रकमेच्या देणगीपेक्षा ही सवड अधिक शहाणपणाची होती, असे माझे मत आहे. कारण घर बसावयास पैसा लागतो त्याहून अधिक काळ लागतो, आणि कौलाने तो काळ दिला.

भिवंडीच्या उत्तरेस सुमारे नऊ मैलांवर दुगाड नावाचे गाव आहे. डिसेंबर १७८० मध्ये जनरल गॉडर्डने वसईस वेढा घातला असता त्याच्या पाठराखणीस असलेल्या कर्नल हार्टलेच्या फौजेवर रामचंद्र गणेश कानडे हे मराठ्यांचे नामांकित सरदार दाट धुक्याचा आडोसा घेऊन चालून गेले. धुके अवचित विरले, तोफा व बंदुका यांच्या माऱ्यात रामचंद्र गणेश स्वतः ठार झाले, आणि त्याच सुमारास वसईही इंग्रजांच्या हाती गेली. त्या सकाळी दोन्ही बाजूंना लढलेल्यांत याच किनाऱ्यावरची व याच घाटांतली माणसे होती, ही गोष्ट विसरली जाते. मुंबईकर इंग्रजांच्या पलटणींत कोकणातले मराठे, महार, बेने इस्राएल, भंडारी असे लोक होते. एका शेतातल्या दोन बांधांवरच्या घरांपैकी एकाची विधवा पुण्याच्या दरबाराकडे पाही आणि दुसरीची मुंबईच्या कचेरीकडे, असे प्रसंग त्या काळी घडले असणे अशक्य नाही.

१८१७ साली पुण्याच्या तहाने उत्तर कोकण कंपनी सरकारकडे गेला आणि बालपरवेशीच्या जुन्या कागदांचे दिवस फिरले. १८५२ च्या अकराव्या कायद्याने इनाम कमिशनाला अधिकार मिळाले; पिढ्यानपिढ्या भोगवटा असलेल्या जमिनींचे हक्क कागदोपत्री सिद्ध करा, असा हुकूम सुटला. दंगली, आगी, वाळवी आणि स्थलांतरे यांतून अस्सल सनद जपून ठेवणे वाड्यात राहणाऱ्यास जमले. शिपायाच्या घरात ती भिंतीतल्या फडताळात कुजून गेलेली असे. पणजोबा कोणत्या लढाईत पडला हे तोंडपाठ असलेल्या माणसाला तुझा पुरावा काय असे विचारले गेले, आणि पुरावा नाही म्हणून जमिनीवर पुरा सारा बसला. पुढे १८६३ च्या कायद्यांनी सरसकट तडजोड होऊन पुष्कळांची चौकशी थांबली. कमिशनाच्या कारभाराने झालेली असंतोषाची पेरणी इतिहासकारांनी सरदार-इनामदारांच्या संदर्भात वर्णिली आहे. लहान घरांच्या नुकसानीचे वर्णन अजून व्हावयाचे आहे.

परंतु याच इंग्रजी अंमलात शिपायाच्या बिऱ्हाडाचा प्रश्न प्रथमच खऱ्याखुऱ्या बदलीचा प्रश्न म्हणून पुढे आला. बंगालकडील शिपाई कुटुंब गावी ठेवून चाकरीस जाई; मुंबईच्या फौजेतील शिपाई बायकोमुलांसह लाइनीत राही. ही लाइन म्हणजे सरकारने बांधून दिलेली घरे नव्हेत. मोकळे मैदान आखून दिले जाई आणि त्यावर शिपायाने आपली खोपटी स्वतः उभारावयाची. त्यासाठी सरकारातून ‘हटिंग मनी’ या नावाने एक रक्कम मिळे. बांबू, गवत, कूड, शेण-माती आणि दोन हातांचे श्रम यांच्या मानाने ही रक्कम तुटपुंजी असल्याची तक्रार सतत होई. पलटण बदलून दुसऱ्या ठाण्यास निघाली की जुनी खोपटी येणाऱ्या पलटणीच्या शिपायांनी विकत घ्यावयाची, आणि आपण नव्या ठाण्यास जाऊन तेथल्या जाणाऱ्यांची घ्यावयाची. जाणाऱ्याचे खोपटे कमी भावाने जाई व येणाऱ्यास महाग पडे, आणि मधल्या मजलांत गाड्यांचे भाडे, आजारी पोर, वाटेत झालेली बाळंतपणे हा सारा भार पगारातून निघे. तरीही लाइनीत घर असण्याचा एक लाभ होता: पलटण हलली की शेजारही बरोबर हलत असे. ज्या बाईने पुण्याच्या छावणीत मीठ उसने दिले तीच अहमदनगरच्या छावणीत भिंतीपलीकडे येऊन राही. एडनला १८३९ साली किंवा अबिसीनियाला १८६७-६८ साली पलटणी जहाजातून गेल्या तेव्हा मात्र कुटुंबे मागे राहिली, आणि धन्याच्या पगारातील काही भाग घरच्यांना परस्पर देण्याची सोय हाच त्यांचा आधार उरला.

या लाइनींनी आपल्या समाजाला काय दिले याचे सर्वांत मोठे उदाहरण सर्वांना ज्ञात आहे, पण ते या दृष्टीने पाहिले जात नाही. रत्नागिरी जिल्ह्यातील आंबडवे गावचे सुभेदार रामजी सकपाळ हे पलटणीच्या शाळेचे चौदा वर्षे मुख्याध्यापक होते. मुंबईच्या फौजेत शिपायांच्या मुलामुलींना शिक्षण सक्तीचे होते, आणि गावकुसाबाहेर ठेवलेल्या समाजाच्या मुलांना अक्षरओळख होण्याचा तो त्या काळातील दुर्मिळ राजमार्ग होता. १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथील छावणीत त्यांना जे चौदावे अपत्य झाले ते भीमराव. १८९४ च्या सुमारास रामजी निवृत्त झाले आणि हे मोठे कुटुंब दापोलीस आले. दापोली हे जुने लष्करी ठाणे, ‘काप दापोली’ म्हणून लोकांच्या तोंडी बसलेले, आणि पेन्शनर शिपायांच्या घरांची तेथे दाट वस्ती होती. गोपाळ बाबा वलंगकरांसारखा निवृत्त लष्करी माणूस तेथूनच अस्पृश्यांच्या हक्कांसाठी लेखणी चालवीत होता. पेन्शन थोडे, खाणारी तोंडे पुष्कळ. रामजींना पुन्हा नोकरी शोधावी लागली, बिऱ्हाड साताऱ्यास हलले, आणि तेथे १८९६ साली भीमाबाई निवर्तल्या. लाइनीत असताना ज्या मुलांना शाळा, दवाखाना व शेजार हक्काने मिळत होता, त्यांना लाइन सुटताच पाणी कोणी द्यावयाचे येथपासून प्रश्न उभे राहिले. निवृत्त शिपायाच्या हाती पेन्शनचा कागद देऊन सरकार मोकळे झाले होते. ज्या समाजात तो परत चालला होता त्या समाजाने त्याच्या घराला कसे वागवावे, याची कोणतीही ताकीद कोणत्याही मामलेदारास गेली नव्हती. त्यातच महारांची लष्करभरती बंद झाली, आणि मुलाला बापाच्या जागी चाकरीस घेण्याची जी वाट बालपरवेशीने उघडी ठेवली होती तीही या घरांपुरती मिटली.

पहिल्या महायुद्धात कोकण व सातारा भागांतून मराठा पलटणी मेसोपोटेमियात गेल्या, कूतच्या वेढ्यात अडकल्या आणि एप्रिल १९१६ च्या शरणागतीनंतर अनेक घरांना आपला माणूस कैदेत आहे की वारला, हेही कित्येक महिने कळले नाही. मुंबई इलाख्यात युद्ध-साहाय्य निधी उभा राहिला, लेडी विलिंग्डन यांच्या नेतृत्वाखाली त्याची महिला शाखा काम करू लागली, आणि १९१९ साली शिपायांच्या हिताकरिता इंडियन सोल्जर्स बोर्ड स्थापन झाले. जिल्ह्याजिल्ह्यांतील सैनिक मंडळांची पुढची सर्व रचना या मुळापासून वाढलेली आहे.

येथे भिवंडीतील एका वस्तीची आठवण केल्यावाचून पुढे जाववत नाही, जरी ती वस्ती शिपायांची नव्हे. १८५७ च्या उठावानंतर उत्तर हिंदुस्थानातील कित्येक मोमीन विणकरांची कुटुंबे आपली गावे सोडून आग्रा रस्त्याने दक्षिणेकडे निघाली आणि त्यांतील पुष्कळ भिवंडीत स्थिरावली. त्यांना कोणी कौल दिला नाही, सनद दिली नाही, हटिंगचा पैसाही दिला नाही. आधी आलेल्याने मागून आलेल्यास आपल्या ओसरीत जागा द्यावी, हातमागाचा खड्डा खणू द्यावा, पहिल्या ठाणाचे सूत उधार द्यावे, एवढ्या आधारावर ती घरे बसली, आणि गेल्या शतकात यंत्रमाग आले तेव्हा त्याच घरांनी या गावाचे भाग्य बदलले. दौलतीची देणगी आणि जातभाईंची ओसरी या दोहोंत ओसरीनेच पुष्कळदा अधिक घरे उभी केली आहेत. परंतु शिपायाला ही ओसरी नेमकी लाभत नाही, कारण त्याला आपल्या माणसांजवळ न जाता हुकूम नेईल तेथे जावे लागते. म्हणूनच त्याच्या बाबतीत दौलतीवरचा भार अधिक आहे.

दुसऱ्या महायुद्धात कल्याणनजीक उल्हास नदीच्या परिसरात फौजांच्या मुक्कामासाठी एक विस्तीर्ण छावणी वसविण्यात आली. तिच्यात दोन हजारांहून अधिक बराकी होत्या. युद्ध संपून छावणी ओस पडते न पडते तोच फाळणी झाली, आणि सिंधमधून उखडलेल्या सुमारे एक लाख माणसांना त्या बराकींत आसरा देण्यात आला. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते तिचे उल्हासनगर झाले. शिपायांसाठी बांधलेल्या लांबट बराकीत गोणपाटाचे पडदे लावून एकेका कुटुंबाने एकेक खण घेतला. भिवंडीपासून काही कोसांवर घडलेली ही गोष्ट मी येथे आणतो ती यासाठी, की पुनर्वसनाचे खाते, कर्जे, जागेचे हप्ते आणि शाळांची मंजुरी यांची पद्धतशीर घडी या प्रांताने मोठ्या प्रमाणावर प्रथम तेव्हाच पाहिली.

त्याच १९४९ साली ७ डिसेंबर हा सशस्त्र सेना ध्वजदिन ठरला, आणि आपल्यापैकी प्रत्येकाने शाळेत ज्या छोट्या ध्वजासाठी नाणे दिले त्या निधीतून माजी सैनिक, वीरपत्नी आणि त्यांची मुले यांना साहाय्य होऊ लागले. चाकरीत असलेल्या सैनिकाच्या बदलीसाठी आज जो संमिश्र बदली भत्ता मिळतो तो सातव्या वेतन आयोगाप्रमाणे मूळ वेतनाच्या ८० टक्के आहे. दोन ठाण्यांतील अंतर २० किलोमीटरांच्या आत असेल आणि घर खरोखरच बदलावे लागले असेल, तर त्याचा एकतृतीयांश. प्रवासाचा व सामानवाहतुकीचा खर्च निराळा. यासाठी कोणा मध्यस्थास नजर द्यावी लागत नाही, जात विचारली जात नाही, आणि बारगिराच्या व सरदाराच्या घराला एकच नियम लागतो. बालपरवेशीच्या व हटिंगच्या काळाकडे पाहून आलेल्या माणसाला ही केवढी प्रगती वाटते, ते मी मनापासून सांगतो. मुलांच्या शिक्षणासाठी १९६२ च्या नोव्हेंबरात योजना मान्य होऊन १९६३-६४ साली पलटणींच्या वीस शाळा केंद्राने हाती घेतल्या आणि त्यांतूनच केंद्रीय विद्यालये निघाली. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात गेलेल्या मुलाचे वर्ष फुकट जाऊ नये हा त्यांचा मूळ हेतू. रामजी सुभेदारांच्या शाळेचा हा उजवा वंशज होय.

असे असूनही एक उणीव राहिली आहे. धनी सीमेवरच्या ठाण्यावर गेला, जेथे कुटुंब नेता येत नाही, म्हणजे छावणीत विभक्त कुटुंबांसाठी राखलेली घरे सर्वांना पुरत नाहीत, आणि पुष्कळ बायका मुलांना घेऊन गावी किंवा गावाजवळच्या शहरात भाड्याच्या खोलीत येऊन राहतात. भिवंडीसारख्या शहरात, जेथे खोलीचे भाडे मागाच्या कारागिराशी व गोदामाच्या कामगाराशी चढाओढ करून ठरते, अशा बाईला शाळेचा दाखला, शिधापत्रिका, पत्त्याचा पुरावा, सासूचे औषधपाणी हे सारे एकटीने करावे लागते. जिच्या हातची शिक्षिकेची वा परिचारिकेची नोकरी प्रत्येक बदलीत सुटत गेली, तिचे नुकसान तर कोणत्याच भत्त्याच्या कोष्टकात नाही. भत्ता सैनिकाच्या नावे निघतो व वेतनाच्या प्रमाणात निघतो. घरात तोंडे किती आणि ती कोणत्या तालुक्यात जाऊन राहिली, हे त्या कागदाला ठाऊक नसते. ठाण्याचे जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे, पण बाईला त्याच्याकडे जावे लागते, त्याला तिची खबर मिळत नाही. बालपरवेशीच्या ताकीदपत्रात परगण्याच्या मामलेदाराला नावानिशी लिहिले जाई की अमुक घर तुमच्या हद्दीत आहे, त्याचे चालवा. पलटणीच्या दप्तरातून बदलीचा हुकूम निघतो त्याच दिवशी, कुटुंब जेथे जाणार त्या तालुक्याच्या तहसीलदाराकडे आणि जिल्हा सैनिक कार्यालयाकडे तसा एक कागद जावा, त्यात मुलांच्या इयत्ता लिहिलेल्या असाव्यात, आणि जूनमध्ये शाळा उघडण्यापूर्वी त्या कागदाचे उत्तर पलटणीस परत गेले पाहिजे असा नियम असावा, एवढीच मागणी मी करीन. तिला नव्या निधीची गरज नाही; टपालाची व्यवस्था आणि एका कारकुनाची नेमणूक पुरेल.